समितीनं कापलेला बाक

ही गोष्ट ऐकून कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आजवर कुणी ठेवलेला नाही. एका वकिलानं अर्धी ऐकून हात जोडले, एका शेजारणीनं पूर्ण ऐकून चांगल्या डॉक्टरांचा पत्ता दिला. पण गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे, आणि जिथं खरी नाही तिथं ती खऱ्याहून बरी आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

तर एका शहरात एक नकाशेवाली राहायची. तशी ती शिकलेली, पदवी घेतलेली आर्किटेक्ट. पण गल्ली तिला नकाशेवालीच म्हणायची. तिचं ऑफिस शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत होतं. एक उतरतं टेबल, एक खिडकी, कोपऱ्यात छत्र्यांसारख्या उभ्या केलेल्या कागदांच्या गुंडाळ्या, आणि खालून दिवसभर शिलाई मशीनची टकटक. पेन्सिल कानावर खोचायची तिला इतकी सवय, की एकदा ती पेन्सिलीसकट झोपली आणि सकाळी गालावर रेघ घेऊन उठली. बघणारे सांगतात, रेघ पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ होती.

घरी ती आणि तिचे वडील. वडिलांबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. माणूस दिसायला राजबिंडा, बुद्धीनं तल्लख, बोलणं असं की ऐकणारीची चुलीवरची भाजी करपावी, आणि एवढं सगळं असून गर्व नावाला नाही. वाईट होते ते फक्त गुडघे. पूर्वी वडील रोज चालत वाचनालयात जायचे. तिथं घड्याळजी बुद्धिबळाचा पट मांडून त्यांची वाट बघत असायचा. घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा. गावाची घड्याळं वेळेवर आणि स्वतः कायम उशिरा. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वडिलांची मजल कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेपर्यंत येऊन थांबली. तिथं पोचेस्तोवर गुडघे असे काही पेटायचे, की घटकाभर टेकायला मिळालं असतं तर पुढचा रस्ता सहज उरकला असता. पण टेकणार कशावर? त्या जागेत गवत, फुटक्या विटा आणि एक डेरेदार झाड, बस्स. वडील लपंडावात भोज्याला शिवावं तसं झाडाला शिवायचे आणि भिंतीच्या आधारानं माघारी फिरायचे.

नकाशेवाली खिडकीतून रोज हे बघायची. गाडीनं सोडते म्हणाली, तर वडील म्हणाले, मी काय पार्सल आहे? काठी आणून दिली, तर त्यांनी ती खिडकीचा पडदा सरकवायला वापरली. घरी परतताना मात्र ते आपल्याला कोपऱ्यापर्यंतच जायचं होतं असा चेहरा करायचे, आणि तो चेहरा आपल्याला खरा वाटला असं ती दाखवायची. तेवढ्यावर दोघांचा दिवस सरायचा.

अशात नगरपालिकेनं ठरवलं, की कोपऱ्यावर छोटी बाग करायची. काम नकाशेवालीला मिळालं. वशिला वगैरे काही नाही. एवढ्याशा बागेत दुसऱ्या कुणाला रसच नव्हता.

तिनं कोऱ्या कागदावर सगळ्यात आधी बाक काढला. झाडाखाली, रस्त्याकडे तोंड करून. पाठ टेकायला फळी, उठताना जोर द्यायला दोन्ही बाजूंना दांडे, आणि उंची नेहमीच्या बाकाहून अंमळ जास्त. ती उंची ठरवायला तिनं वडिलांना घरातल्या एकेका वस्तूवर बसवून उठवलं. खुर्ची झाली, पलंग झाला, ट्रंक झाली, शेवटी धान्याचा डबासुद्धा झाला. वडिलांनी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, फर्निचर जुनं झालंय, तपासतेय. वडिलांना सगळं कळलं होतं, पण असल्या वेळी बापानं जेवढं भोळं दिसावं तेवढे ते दिसले. मग बाकाभोवती तिनं पायवाट काढली, हिरवळ काढली, एक नळ काढला, आणि बाग पुरी झाली.

आता गोष्टीत समिती येते.

त्या शहरात कुठलीही बाग, शाळा, दवाखाना, अगदी चौकातला नळ बांधायचा म्हटला तरी त्याचा नकाशा आधी रूपसमितीपुढं जायचा. समितीत तिघं होते. अध्यक्ष होते कातरसाहेब. हे नाव अर्थात पाठीमागचं, तोंडावर सगळे अध्यक्षमहाराज म्हणायचे. दुसऱ्या फुलवाल्या बाई. जगातल्या कुठल्याही अडचणीवर कुंडी ठेवली की अडचण मिटते, असा त्यांचा अनुभव होता. तिसरे गळतीसाहेब, निवृत्त इंजिनिअर. कोरड्या कागदावरचं छप्पर बघूनसुद्धा ते डोकं बाजूला घ्यायचे.

समितीचा एक जुना शिरस्ता होता. प्रत्येक नकाशातून एक गोष्ट कापायची. एकच, पण कापायचीच. काहीच कापलं नाही तर आपण नुसता चहा प्यायला जमलो असं होईल, हे कातरसाहेबांना पटत नसे. आणि एकदा कापलेलं परत जोडायचं नाही, हा त्याच शिरस्त्याचा उत्तरार्ध.

शहरातल्या आर्किटेक्ट मंडळींनी यावर तोड काढली होती. प्रत्येक जण नकाशात एक भलतीच गोष्ट मुद्दाम घालायचा, समितीनं ती कापावी म्हणून. धंद्यात तिला बोकड म्हणायचे. नकाशा झाला का, असं कुणी विचारायचं नाही. बोकड बांधलास का, असं विचारायचं. पोहण्याच्या तलावाच्या नकाशात एकानं मधोमध दुकान दाखवलं होतं. अग्निशमन केंद्राला दुसऱ्यानं गवताचं छप्पर घातलं. समितीनं ते कापलं आणि पुढची अख्खी बैठक एकमेकांची पाठ थोपटण्यात घालवली. बाकीचं केंद्र बिनबोभाट मंजूर झालं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त ते समितीच्या खोलीत बोलायचं नसायचं.

नकाशेवालीची पंचाईत अशी, की समितीचा बाकांवर विशेष राग होता. कातरसाहेबांचं म्हणणं, बाक ठेवला की लोक येऊन बसतात. त्यामुळं तिला साधा बोकड परवडणार नव्हता. चांगला पोसलेला, तिघांच्याही डोळ्यांत एकदम खुपेल असा हवा होता. दोन संध्याकाळी तिनं पेन्सिल चावून काढल्या आणि मग बागेच्या कडेला एक जिना काढला. कुठंही न जाणारा. वर गच्ची नाही, खोली नाही, नुसता आभाळाकडे तोंड करून उभा. कातरसाहेबांना स्टुलावर चढलं तरी गरगरायचं, फुलवाल्या बाईंना नुसता दगड बघवत नव्हता, आणि बिनछपराचा जिना म्हणजे गळतीसाहेबांच्या हिशेबी नुसती गळतीच. तिघांनाही बरोब्बर झोंबणारा बोकड.

नकाशात जिना दाखवायची एक रीत असते. पायऱ्यांच्या आडव्या रेघा ओढायच्या, मधून बाण काढायचा, बाणापाशी ‘वर’ असं लिहायचं आणि पुढं एक नागमोडी रेघ मारायची. म्हणजे जिना याच्यापुढंही आहे, पण इथं दाखवलेला नाही. नकाशेवालीनं बाण काढला, ‘वर’ लिहिलं, नागमोडी रेघ मारली आणि हात झटकले. कापायच्या बोकडाचं शेपूट कोण रंगवत बसतो?

बैठकीच्या दिवशी ती बागेची प्रतिकृती घेऊन गेली. पुठ्ठ्याची बाग, स्पंजचं झाड, आगपेटीच्या काड्यांचा बाक. समितीची खोली लांबोडकी होती, टेबलावर हिरवं कापड, आणि भिंतीवर आजवर मंजूर झालेल्या इमारतींची चित्रं. प्रत्येकीत काहीतरी कमी असल्यासारखं वाटायचं. तिघं प्रतिकृतीवर ओणवले. नकाशेवालीनं मनातल्या मनात जिन्याला निरोप दिला.

आता योग कसा बघा. नेमकं त्याच आठवड्यात कुणीतरी कातरसाहेबांना भर लग्नात म्हणालं होतं, की तुमची समिती नुसतं कापते, कधी काही भव्य होऊ देत नाही. ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्यांनी जिन्याकडे खालून वर, मग वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, याला म्हणतात दृष्टी. फुलवाल्या बाईंनी पायऱ्यांवर बोट फिरवलं आणि एकेका पायरीवर किती कुंड्या मावतील याचा अंदाज घेता घेता त्यांचा चेहरा उजळत गेला. उरले गळतीसाहेब. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, मागं जाऊन पाहिलं. मग सावकाश म्हणाले, की आपल्या उभ्या हयातीत इतका निर्दोष जिना पाहिला नाही. वर दार नाही, म्हणजे दार फुगणार नाही. गच्ची नाही, म्हणजे गळणार नाही. कुलूप नाही, म्हणजे किल्ली हरवणार नाही.

पण शिरस्ता तो शिरस्ता. एक गोष्ट कापायलाच हवी होती. तिघांचे डोळे पुठ्ठ्याच्या बागेवरून फिरले. नळावर थांबले, पुढं गेले. हिरवळीवर थांबले, पुढं गेले. आणि कातरसाहेबांनी दोन बोटांनी आगपेटीच्या काड्यांचा बाक अलगद उचलून बशीत ठेवला.

नकाशेवाली उभी राहिली.

“जिना कापा,” ती म्हणाली. “बाक राहू द्या.”

त्या खोलीत असं कुणी बोलत नसे. गळतीसाहेबांचं बिस्किट चहात पडलं.

“जिना तुमच्याच हातचा ना?” कातरसाहेबांनी विचारलं.

“हो. तुम्ही कापावा म्हणूनच घातला होता.”

कातरसाहेब रागावले असते तर सोपं होतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. ते हसले, तेही मायेनं. म्हणाले, नव्या माणसांना आपली चांगली कल्पना कुठली तेच ओळखता येत नाही, म्हणून तर समिती असते.

“त्या बाकावर माझे वडील बसणार आहेत,” ती म्हणाली.

“दिवसभर?”

“नाही. गुडघे निवेपर्यंत. मग उठून पुढं वाचनालयात जातील.”

“म्हणजे बसून उठणार.”

“हो.”

“मग बाक रिकामाच राहणार की,” कातरसाहेब म्हणाले, आणि त्यांनी मंजुरीचा शिक्का उमटवला.

संध्याकाळी तिनं घरी सांगितलं. वडील म्हणाले, बाकाचं काय एवढं, मला कोपऱ्यापर्यंतच तर जायचं असतं. तो नेहमीचा चेहराही त्यांनी केला. पण त्या दिवशी तिला तो खरा मानता आला नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून काहीतरी धूत राहिली. वडिलांनी आत डोकावून पाहिलं. मोरीत एकच वाटी होती.

इथपर्यंत गोष्ट कुठल्याही घरात घडू शकेल अशी आहे. इथून पुढं जरा खांब धरून बसा.

बागेचं काम सुरू झालं. मुकादम सरळ माणूस, नकाशात असेल ते करणारा. जिना बाणाबरोबर वर निघाला. नागमोडी रेघ आली तसं त्यानं वर कळवलं, की जिना कुठं संपवायचा ते नकाशात नाही. उत्तर आलं, मंजूर नकाशाप्रमाणे करावे. मंजूर नकाशात काय होतं? ‘वर’. मुकादमानं वर न्यायला सुरुवात केली. नकाशेवाली धावत गेली, म्हणाली, मी शेवट काढून देते. पण नकाशात बदल म्हणजे परत समिती, आणि समितीनं तर आपली कापाकापी उरकली होती. जिना झाडाच्या वर गेला. घरांच्या छपरांवर गेला. गवंड्यांचे डबे आधी दोरीनं वर जायचे. मग दोरी पुरेना, तेव्हा डबे घारींच्या पायाला बांधायला लागले. चटणीचे डबे घारी तसेच परत आणायच्या, एवढाच त्रास. ढग लागले तसं गवंड्यांनी सिमेंटमध्ये पाणी घालणं बंद केलं. ओल आयतीच मिळत होती.

फुलवाल्या बाईंनी गवंड्यांच्या मागोमाग कुंड्या मांडल्या. प्रत्येक पायरी कुंड्यांनी अशी गच्च भरली, की जेमतेम पाऊल मावेल एवढीच फट उरली. खाली झेंडू, त्याच्या वर गुलाब, छपरांच्या वर डोंगरातली फुलं, आणि ढगांच्या वर जी फुलं आली त्यांना अजून कुणी नाव दिलेलं नाही. वडिलांनी एकदा पहिल्या पायरीवर टेकून पाहिलं. निवडुंग होता. तो विषय तिथंच संपला.

जिना पुरा झाल्याचा दाखला समितीनं द्यायचा असतो, आणि दाखला द्यायचा तर शेवटची पायरी डोळ्यांनी बघायला हवी. तिघं एका सकाळी निघाले. कातरसाहेबांना गरगरेल म्हणून गळतीसाहेबांनी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि फुलवाल्या बाईंनी हात धरला. संध्याकाळी परत येतो म्हणाले. आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, पुढच्या महिन्यात नाहीत. वरून अधूनमधून फुलवाल्या बाईंचा, इथं एक कुंडी कमी आहे, असा आवाज यायचा, एवढंच.

समितीच जागेवर नाही म्हटल्यावर कापणार कोण? शहरात नकाशे जसेच्या तसे मंजूर व्हायला लागले, बोकडांसकट. नव्या दवाखान्याच्या छतावर घोड्यांची शर्यत. न्यायालयाला घसरगुंडी, जामीन मिळालेल्यांनी तिथून उतरायचं. शाळेच्या मधोमध बंदर बांधलं गेलं, समुद्र कुठं जवळपास नसताना, आणि पहिल्याच आठवड्यात त्यात एक बोट लागली. ती कशी आली ते बोटवाल्यालाही सांगता आलं नाही.

लोकांना गंमत वाटत होती. नकाशेवालीला वाटत नव्हती. तिला अजून खिडकीतून रोज तेच दिसायचं: वडील कोपऱ्यावर जातात, झाडाला शिवतात, भिंत धरून परत येतात. तिकडं घड्याळजी वाचनालयात पट मांडून एकटाच बसायचा आणि दोन्ही बाजूंनी खेळून हरायचा.

शेवटी एक दिवस वडिलांनी ठरवलं, की आता आपणच वर जाऊन समितीशी बोलावं. तुम्ही विचाराल, त्या गुडघ्यांनी? तर त्यांनी युक्ती केली. गुडघ्यांना कळूच दिलं नाही. पहिल्या पायरीपासून ते गुडघ्यांशी इकडचंतिकडचं बोलत राहिले. तरुणपणी आपण कसे धावायचो, कुठल्या भिंतीवरून उडी मारली होती, कुणाच्या वरातीत नाचलो होतो. गुडघे ऐकण्यात असे रंगले, की ढग कधी मागं पडले त्यांना समजलंही नाही. वाटेत गवंडी भेटले, घारी भेटल्या, एक विमान भेटलं. त्याला वडिलांनी आधी जाऊ दिलं.

आणि वर, पार वर, समिती भेटली. तिघं एकामागं एक उभे होते. बसणार कुठं, सगळीकडे कुंड्या. कातरसाहेब दोन्ही हातांनी गुडघे धरून वाकले होते, आणि त्यांच्या डोळ्यांवरचा रुमाल घामानं भिजला होता.

“कोण आलंय?” त्यांनी विचारलं. “इथं कुठं घटकाभर टेकायला जागा आहे का हो?”

“होती,” वडील म्हणाले. “तुम्ही कापलीत.”

कातरसाहेबांनी रुमाल वर केला, वडिलांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. हे नेहमीच असं दुखतं का, त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, रोज, कोपऱ्यावर पोचलं की. कातरसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, फुलवाल्या बाईंनी ते वाया जाऊ नये म्हणून खाली कुंडी धरली. कातरसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली, हवेत धरली, बाकाच्या आकाराची एक रेघ ओढायला हातही उचलला. पण शिरस्ता आड आला. कापलेलं परत जोडायचं नाही. पेन्सिल खिशात गेली आणि तिघं पुन्हा वर निघाले.

तेव्हापासून आजतागायत त्या कोपऱ्यावर टेकायला वीतभर जागा नाही. ना बाक, ना कट्टा, ना साधा दगड. वडिलांना आता गरजही उरली नाही म्हणा. ते रोज उठतात, जिन्याच्या टोकापर्यंत जातात आणि खाली येतात, एका दमात, कुठंही न टेकता...

भोवती जमलेली मंडळी मान डोलावत होती. त्यांच्या मागं, झाडाखाली केव्हाची येऊन उभी राहिलेली, कानावर पेन्सिल खोचलेली बाई तेवढी हलली नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “मग तुम्ही आत्ता कशावर बसलाय?”